पाटी परक्यासाठी असते



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाटकावर, कवितेवर मोठमोठे लोक बोलून गेले. होमिओपॅथीच्या डॉक्टरला बोलावलं की तो आरोग्यावर बोलणार, अशी तुमची अपेक्षा असणार. मी 'रस्त्यावरच्या पाट्या' असा विषय कळवला, तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. "डॉक्टर, म्हणजे सीमाप्रश्नावर का?" मी म्हटलं, "नाही हो, पाट्यांवरच." ते हसले. आपल्या बेळगावात पाटी म्हटलं की वाट आठवत नाही, सीमाप्रश्न आठवतो. मला बोलायचंय ते त्याबद्दलच.

आधी एक प्रसंग सांगतो. चंदगड तालुक्यातली माणसं दुखण्याखुपण्याला बेळगावलाच येतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. कोल्हापूर त्यांना लांब पडतं. तिकडचे एक गृहस्थ माझे जुने पेशंट. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. मुलानं त्यांना जीपमध्ये घातलं आणि बेळगावचा रस्ता धरला. नेहमीच्या रस्त्यावर काम चालू होतं, म्हणून चालकानं आडवाट घेतली. चालक त्या भागातला नव्हता. एका फाट्यावर पाटी दिसली म्हणून त्यानं दिवा मारून पाहिलं. पाटीवर दोन ओळी होत्या. वरची ओळ कुणीतरी काळी केली होती, खालची दुसऱ्या कुणीतरी. शाबूत होता तो फक्त बाण. तो बाण कोणत्या गावाचा, हे सांगायला पाटीवर एक अक्षर उरलं नव्हतं. त्यांनी बाणाची दिशा धरली, आठ-नऊ किलोमीटर गेले, मग एका वस्तीवर माणूस उठवून विचारलं आणि माघारी वळले. अर्धा तास गेला.

अशा वेळी माझ्या गोळ्या उपयोगाच्या नसतात. छातीत कळ आली तर माझ्याकडे येऊ नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, असं मी प्रत्येक पेशंटला बजावून ठेवलेलं आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळेनासं झालं की तो थोडा थोडा मरू लागतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. ते गृहस्थ वाचले. पण आता एक जिना चढताना दोनदा थांबतात. हे त्या अर्ध्या तासामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. तेवढं शास्त्र मला कळतं. अर्धा तास फुकट गेला, एवढं मात्र खरं.

पुढच्या रविवारी मी स्कूटर काढून तो फाटा पाहायला गेलो. एका ओळीवरचं डांबर जुनं होतं, धुळीनं मळलेलं. दुसरीवरचं नवं होतं, अजून चकाकत होतं. म्हणजे एकानं आधी केलं आणि दुसऱ्यानं उत्तर दिलं. कोणती ओळ कुणाची, हे मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे लोक पुढचं व्याख्यान ऐकणार नाहीत.

त्या फाट्यावर उभं असताना एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्यांनी डांबर फासलं त्या दोघांनाही ती पाटी वाचायची गरज नव्हती. ते तिथलेच. डोळे मिटून घरी पोचले असते. पाटी लागते ती वाट ठाऊक नसलेल्याला. ती परक्यासाठी असते. आपण मात्र ती जमिनीच्या मालकाची असते असं धरून चालतो.

आता हे शास्त्र थोडं मुळापासून पाहू. मोटारगाड्या देशादेशांच्या सीमा ओलांडू लागल्या तेव्हा १९०९ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात चारच चिन्हं ठरली : उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचं फाटक. चारही चिन्हांत एकही शब्द नव्हता. फ्रेंच, जर्मन, इटालियन चालकांनी एकमेकांची भाषा शिकावी, अशी अपेक्षा कुणी केली नाही. खड्डा भाषा विचारून येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

पुढे १९६८ साली व्हिएन्ना इथे रस्त्यावरच्या चिन्हांचा मोठा करार झाला. भारत १९८० साली त्यात सामील झाला. आपल्याकडे रस्त्यांच्या कामाचे नियम 'इंडियन रोड्स काँग्रेस' ही संस्था ठरवते. ती १९३४ साली स्थापन झाली, आणि तिचं मूळ आहे १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीत. त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. पाट्यांसाठी या संस्थेची 'आयआरसी ६७' नावाची संहिता आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात ही चिन्हं कायद्यानं दिलेली आहेत.

त्यांची रचना एकदा समजून घेतली की विसरत नाही. गोल पाटी हुकूम देते : इथून जाऊ नका, भोंगा वाजवू नका, वेग इतकाच ठेवा. त्रिकोणी पाटी सावध करते : पुढे वळण आहे, शाळा आहे, अरुंद पूल आहे. चौकोनी पाटी माहिती देते : दवाखाना, पेट्रोल पंप, गावांची नावं. 'थांबा' ही पाटी तेवढी अष्टकोनी, आणि 'दुसऱ्याला आधी जाऊ द्या' हा त्रिकोण उलटा. हे आकार सहज सुचले म्हणून ठरवलेले नाहीत. अक्षरं पुसली, चिखल उडाला, अंधार पडला तरी आकार कळतो. काही पुरुषांना जन्मतः लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांनाही आकार कळतो. अष्टकोन मागून पाहिला तरी ओळखू येतो. म्हणजे समोरून येणाऱ्याला थांबायचंय की नाही, हे तुम्हाला तुमच्या बाजूनंही समजतं.

चित्रंसुद्धा शिकावी लागतात, हे खरं. माझ्या नातवानं भोंग्याच्या पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, ही पिपाणी वाजवायची नाही का?" रबरी फुग्याचा भोंगा त्यानं कधी पाहिलेला नाही. फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगच्या पाटीवरचं धूर सोडणारं इंजिनही त्याला गोष्टीतलंच वाटतं. तरी चित्र एकदा शिकलं की देशभर चालतं. निळ्या पाटीवरचं खाटेचं चित्र चंदगडच्या माणसालाही कळतं आणि बैलहोंगलच्याही. चित्राला कुणी डांबर फासल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

भांडण आहे ते नावांच्या पाटीवर. तिथे गावाचं नाव लिहावंच लागतं, आणि नाव कुठल्या तरी लिपीतच लिहावं लागतं.

व्हिएन्ना कराराच्या चौदाव्या कलमात यासाठी दोन नियम आहेत. जिथे रोमन लिपी वापरात नाही, तिथे माहितीच्या पाटीवरचं नाव देशाच्या भाषेत लिहावं आणि सोबत रोमन लिपीतही, उच्चाराशी शक्य तितकं जुळवून. हा पहिला नियम. दुसरा असा, की एका पाटीवर दोनपेक्षा जास्त भाषा नसाव्यात.

दोनच का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. रोमन अक्षरांसाठी अभियंत्यांचा एक जुना ठोकताळा आहे : अक्षराच्या दर सेंटिमीटर उंचीमागे सहा मीटर अंतरावरून वाचता येतं. म्हणजे १५ सेंटिमीटरचं अक्षर ९० मीटरवरून. ते ९० मीटर तुम्ही चार सेकंदांत ओलांडता. त्यातही नजर रस्त्यावर ठेवायची असते. पाटीवर चार गावं आणि प्रत्येक गाव तीन लिप्यांत असेल, तर बारा शब्द झाले. चार सेकंदांत बारा शब्दांतून आपला एक शब्द शोधायचा. साठी ओलांडलेला, मोतीबिंदू पिकत आलेला, समोरच्या ट्रकच्या दिव्यांनी दिपलेला माणूस तो कसा शोधणार? माझ्या दवाखान्यात येणारे कितीतरी लोक असेच आहेत, आणि ते गाडी चालवतात.

आपल्या लिप्यांची अडचण आणखी वेगळी. नागरीत वेलांटी वर जाते, उकार खाली जातो. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लोंबतं. त्यामुळे रोमनला दिलेल्या उंचीतच आपलं अक्षर बसवलं की ते बारीक होतं. ब्रिटननं १९५०-६० च्या दशकांत आपल्या पाट्या नव्यानं आखून घेतल्या. जॉक किनीर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या दोघांनी त्या आखल्या. नुसत्या मोठ्या लिपीतली नावं काढून त्यांनी मोठ्या-लहान अक्षरांची नावं घेतली, कारण ओळखीचा शब्द आपण अक्षरं जुळवत वाचत नाही, त्याच्या आकारानं ओळखतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या शब्दांना हा आकार वेलांट्या-उकारांनी आयताच मिळालेला आहे. त्यांना थोडी जागा दिली की झालं.

आणि आपल्याकडे तर राष्ट्रीय महामार्गावर तीन ओळी दिसतात : राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी. यातून वाट काढायची एक चांगली युक्ती आपल्याच रस्त्यांवर होती, तुमच्या-माझ्या लहानपणी. किलोमीटरचे दगड आठवा. पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं म्हणजे राज्य महामार्ग. निपाणीला जाताना खिडकीत बसून मी ते मोजायचो. एका दगडावर इंग्रजी, पुढच्यावर कन्नड, त्याच्या पुढच्यावर नागरी. एका दगडावर एकच लिपी, मोठ्या अक्षरांत. तुम्हाला एक वाचता आला नाही तर मिनिटा-दोन मिनिटांत तुमचा यायचा. सगळ्यांना जागा मिळायची आणि कुणालाही दाटीवाटीनं बसावं लागायचं नाही. कराराच्या त्याच कलमानं रोमन ओळीसाठी अशीच सोय दिली आहे : त्याच पाटीवर बसत नसेल तर दुसऱ्या पाटीवर पुन्हा लिहा.

मात्र या तीन ओळींत एक गंमत आहे, आणि ती बेळगावकरांशिवाय कुणाच्या सहज लक्षात येणार नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारनं बारा शहरांची नावं बदलली. त्यात आपलं गाव सरकारी कागदावर बेळगावी झालं. आपण मराठीत बेळगाव म्हणतो, ते कन्नडमध्ये बेळगावी. शेवटच्या वेलांटीवरून आपण किती भांडलो! पण मधला 'ळ' दोघांचाही सारखाच आहे. मराठीत 'ळ' आहे, कन्नडमध्ये 'ळ' आहे. हिंदीच्या लिहिण्यात तो नाही, म्हणून हिंदी ओळीत पुष्कळदा 'बेल' होतं. इंग्रजीत तर 'ळ' लिहायची सोयच नाही. म्हणजे ज्या दोन ओळी एकमेकींवर डांबर फासतात, त्यांचाच उच्चार एकमेकींना जवळचा. हुबळीचंही तेच.

रोमन ओळ सर्वांना चालते, असं आपण समजतो. गोव्याला जाताना हा समज उतरतो. चोर्ल्याच्या घाटानं आपण उतरतो, पुढे साखळी, मग डिचोली. एकदा माझ्या गाडीत पुण्याचे एक पाहुणे होते. समोर मोठी पाटी होती आणि ते विचारत होते, "डिचोली अजून आली नाही का?" पाटीवर रोमनमध्ये 'बिचोलिम' लिहिलेलं होतं. साखळीचं 'सांक्वेलिम', म्हापशाचं 'मापुसा', केप्याचं 'क्वेपेम'. ती पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं. तिथल्या माणसाला त्यांचं काही वाटत नाही, कारण तो पाटी वाचतच नाही. परका माणूस मात्र नेमकी तीच वाचतो. उच्चाराशी जुळवून लिहा, असं करार सांगतो तो म्हणूनच.

आता कायद्याकडे वळतो. कर्नाटकात २०२४ साली कायदा दुरुस्त झाला आणि दुकानं-आस्थापनांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देणं सक्तीचं झालं. आपण नाराज झालो. महाराष्ट्रानं २०२२ साली दुकानांवर मराठी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या कोणत्याही लिपीहून लहान नसावीत असं सांगितलं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा आपण पेढे वाटले. तमिळनाडूत २०१७ साली महामार्गाच्या दगडांवर इंग्रजीच्या जागी हिंदी आली म्हणून गदारोळ झाला. त्याच वर्षी बेंगळुरूच्या मेट्रोतल्या हिंदी पाट्यांविरुद्ध आंदोलन झालं. प्रत्येक राज्यात प्रत्येकाला आपली ओळ वर हवी आहे. दुकानाच्या पाटीबद्दल हे मी समजू शकतो. दुकानाची पाटी मालकाची असते, तिथे मान-अपमान येतो. पण रस्त्याच्या पाटीला तोच नियम लावला की परक्या माणसाचं मोजमाप कुठेच राहत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एप्रिल २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होतं. त्याला हरकत घेतली गेली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं सांगितलं की राजभाषा मराठी असली तरी सोबत उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही. गावातल्या ज्या लोकांना ती भाषा कळते त्यांच्यापर्यंत पोचणं, हे पालिकेचं काम.

मी तुम्हाला स्पष्टच विचारतो. पातूरच्या पाटीवरची उर्दू ओळ तुम्हाला पटते का? पटत असेल, तर आपण बेळगावच्या पाट्यांवर मराठीची ओळ ताठ मानेनं मागू शकतो. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची देशाची धोरणं आहेत. जिथे त्यांची वस्ती पुरेशी आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं त्यांत आहे. आपण त्याचा हवाला देतो आणि तो बरोबर आहे. पण पातूरची ओळ पटत नसेल, तर इथे कोणत्या तोंडानं मागायचं?

आणखी एक गोष्ट आपणच समजून घ्यायला हवी. गावाच्या नावाला भाषांतर लागत नाही, लिपी लागते. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला पाटीचा त्रास नाही, कारण लिपी तीच. बडोद्याला गुजराती लिपी म्हणजे शिरोरेघ काढून ठेवलेली नागरीच, थोड्या फरकानं. आपली अडचण खरं तर कन्नड लिपीची आहे, भाषेची त्याहून कमी. बाजारात आपण सगळेच कन्नड बोलतो. भाजीवालीशी घासाघीस कन्नडमध्येच होते. पण आपल्यातले कितीतरी जण, तीन-चार पिढ्या इथे राहूनही, बसवरचं कन्नड नाव वाचू शकत नाहीत. माझी मावशी वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत बसस्टँडवर प्रत्येक गाडीच्या वाहकाला विचारायची, "ही कुठं जाते हो?" मराठी ओळ नव्हती, ही तक्रार खरीच होती. पण ती लिपी शिकायला तिला महिनाभर पुरला असता, हेही खरं. क, ख, ग, घ हा क्रमही तोच. आम्ही घरच्यांनी तिला कधी शिकवलं नाही. शिकणं म्हणजे हार, असं आम्हाला वाटत होतं.

मी जैन आहे, म्हणून एक उदाहरण माझ्या जवळचं. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायांशी कोरलेली ओळ तुम्हाला सर्वांना पाठ आहे : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. मराठीच्या आरंभकाळातला हा लेख म्हणून शाळेत आपल्याला शिकवलं जातं. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मूर्ती मात्र दहाव्या शतकाच्या अखेरची, हे सर्वमान्य आहे. १९८१ साली मूर्तीची हजार वर्षं साजरी झाली. मी तेव्हा विद्यार्थी होतो, घरच्यांबरोबर गेलो होतो. लेखाजवळ पोचलो आणि मला आश्चर्य वाटलं. तिथल्या माहितगारानं दाखवलं की आपली ओळ एकटी नाही. तोच मजकूर कन्नडमध्ये आहे, तमिळमध्येही आहे. चावुंडरायानं हे करवलं, एवढीच गोष्ट तीन भाषांत, वेगवेगळ्या लिप्यांत. पुस्तकानं मला त्यातली एकच ओळ सांगितली होती.

पुढची मराठी ओळ गंगराजाची : 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीची ओवऱ्यांची भिंत. हा शब्द कन्नडमधून आलेला आहे. म्हणजे मराठीचा अभिमान म्हणून आपण जी ओळ मिरवतो तिच्या पोटात कन्नड शब्द आहे. माझी आजी त्या दिवशी शेजारीच उभी होती. ती स्तोत्रं कन्नडमध्ये म्हणायची आणि हिशेब मराठीत लिहायची. तिला यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. ती म्हणाली, "यात्रेकरू सगळीकडून येणार, मग सगळ्यांना कळायला नको?" त्या लेखाचा हेतू विद्वान सांगतील. मला आजीचं म्हणणं पुरेसं वाटतं. ती मूर्ती ज्या मुलखात आहे तिथे मराठी वाचणारे घरचे नव्हते, ते दुरून येणारे होते. तरी त्यांच्यासाठी ओळ कोरली गेली.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या दवाखान्याची पाटी वीसेक वर्षं मराठी आणि इंग्रजीत होती. कन्नड पेशंट यायचे, मी त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायचो, पुडीवर मात्रा मात्र मराठीत लिहून द्यायचो. 'पाटीवर कन्नड लिहा' असं कुणी सांगितलं की मला राग यायचा. मग एकदा बैलहोंगलकडचे एक वयस्कर शेतकरी सुनेला घेऊन आले. घामाघूम झालेले. दोनदा माझ्या दारावरून पुढे गेले होते. त्यांना कन्नड वाचता येत होतं, बाकी काही नाही. ते तक्रार न करता म्हणाले, "डॉक्टर, तुमचं नाव ऐकून आलो, पण नाव सापडलं नाही." सून गरोदर होती. उन्हात त्या मुलीला माझ्या हट्टामुळे दोन फेऱ्या पडल्या. त्याच आठवड्यात मी पेंटरला बोलावलं आणि तिसरी ओळ लिहून घेतली. कुणाच्या दबावानं नाही, हे मला स्वतःला पटवायला बरेच दिवस लागले. माझी मराठी ओळ त्यामुळे एक बोटभरही लहान झाली नाही, कारण मी पाटीच थोडी मोठी करून घेतली.

म्हणून या मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवतो.

पहिली, आपण मराठी ओळीची मागणी सोडायची नाही. अर्ज करायचे, धोरणांचा हवाला द्यायचा, पाठपुरावा करायचा. पण मागणी अशी करायची : दवाखान्याच्या, बसस्टँडच्या, गावांच्या दिशा सांगणाऱ्या पाट्यांवर इथे येणाऱ्या लोकांना वाचता येईल अशी ओळ द्या. एका पाटीवर गर्दी होत असेल तर पुढच्या पाटीवर द्या.

दुसरी, पाट्यांवरचं शुद्धलेखन तपासून देण्याचं काम मंडळानं आपणहून अंगावर घ्यावं. वेल्समध्ये स्वान्सी शहरात २००८ साली एक गंमत झाली. जड वाहनांना बंदीची पाटी करायची होती, तिचं वेल्श भाषांतर ईमेलनं मागवलं. भाषांतरकार रजेवर होता. 'मी सध्या कार्यालयात नाही' असं वेल्शमधलं आपोआप गेलेलं उत्तर आलं, आणि तेच मोठ्या अक्षरांत पाटीवर छापून रस्त्यावर लागलं. भाषा जाणणारा माणूस मधे नसला की असं होतं. आपल्याकडे भाषा जाणणारे निवृत्त शिक्षक ढिगानं आहेत. त्यांनी 'ळ' तेवढा वाचवला तरी पुष्कळ. आणि कन्नड साहित्याचं काम करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनाही या कामाला बोलवावं. त्यांचाही 'ळ' जातोच आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मला जरा संकोच वाटतो. या सभागृहाच्या दारावर मंडळाच्या नावाची पाटी आहे, फक्त मराठीत. तिच्याखाली कन्नडमध्ये एक ओळ लिहावी, असा माझा प्रस्ताव आहे. खर्च मी देतो. पाऊस लागला म्हणून आडोशाला थांबलेल्या कन्नड माणसाला कळू दे की आत व्याख्यान चालू आहे आणि आत यायला हरकत नाही. काही सभासदांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांनी चर्चेत जरूर बोलावं, मी ऐकून घेईन.

त्या फाट्यावरची पाटी पुढे बदलली. नवी पाटी दोन ओळींची आहे आणि अजून स्वच्छ आहे. त्या बाजूला जाणं झालं की मी थांबून बघतो. आपल्या घरातला एखादा तरणा मुलगा कधी रात्री डांबराचा डबा घेऊन निघाला, तर त्याला अडवून एवढंच विचारा : आज रात्री या रस्त्यानं कोण येणार आहे, हे तुला ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नसतं. मलाही नसतं. पाटी त्याच माणसासाठी लावलेली असते.